दिवसभर फोन चालू, तरी काम पुढे सरकत नाही : लष्करी विमान प्रकल्पाच्या कार्यालयाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मूळचे परभणीचे, यांत्रिकी अभियंता, आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नुकतेच प्रकल्प समन्वयक म्हणून रुजू झाला आहात. तुमचा कारखाना लष्करी विमानासाठी सुटे भाग आणि जोडणीचे संच पुरवतो. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत फोन, ईमेल आणि बैठका चालतात. पण साहेबांनी संध्याकाळी ‘आज काय झाले’ असे विचारले की सांगण्यासारखे काही सापडत नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत : दिवस कसा आखावा, सॉफ्टवेअर कोणते वापरावे, आणि उत्पादन विभाग ‘पाठवा’ म्हणतो, गुणवत्ता विभाग ‘थांबा’ म्हणतो व ग्राहक ‘आजच हवे’ म्हणतो, तेव्हा कोणाचे ऐकावे.

मी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत आणि नंतर अशाच प्रकल्प कार्यालयांत बरीच वर्षे काम केले, आणि आता छत्रपती संभाजीनगरात राहून लहान कारखान्यांना या कामात मदत करतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण वेळेची नाही. तुमच्या पत्रात ‘त्या भागाचे काय झाले, अशी विचारणा होते’ हे वाक्य पुन्हा पुन्हा आले आहे. ज्या कार्यालयात हा प्रश्न दिवसभर फोनवर विचारला जातो, तेथे त्या भागाची आजची खरी स्थिती कोठेही लिहिलेली नसते. ती कोणाच्या तरी डोक्यात किंवा मोबाइलमध्ये असते. प्रकल्प कार्यालयाचे पहिले काम पाठपुरावा करणे हे नव्हे, तर प्रत्येक भागाची आणि प्रत्येक अडलेल्या निर्णयाची आजची स्थिती एका ठिकाणी, लेखी आणि विश्वासार्ह ठेवणे हे आहे. ते नीट झाले की पाठपुरावा निम्म्याने कमी होतो.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सर्व प्रकल्प कार्यालये एकसारखी नसतात. आराखडा तयार करणाऱ्या संस्थेचे कार्यालय, विमान जोडणाऱ्या कारखान्याचे कार्यालय, हवाई दलाच्या बाजूने देखरेख करणारा गट आणि तुमच्यासारख्या पुरवठादाराचे कार्यालय, या चौघांचा दिवस वेगवेगळा असतो. विमान अजून विकासाच्या टप्प्यावर असेल तर दिवस चाचण्या आणि उड्डाणयोग्यतेच्या मंजुरीभोवती फिरतो. मालिका उत्पादन सुरू झाले असेल तर तो कच्चा माल, टूलिंग (जिग, साचे) आणि शॉर्टेज (कमी पडलेले भाग) यांभोवती फिरतो. तुम्ही लिहिलेल्या तपशिलांवरून तुमचे काम मालिका उत्पादनाचे दिसते, म्हणून पुढचे सर्व त्या अनुषंगाने आहे.

आता मुख्य साधनाकडे येतो, म्हणजे प्रलंबित मुद्द्यांच्या नोंदवहीकडे. अशी यादी बहुतेक कार्यालयांत असते, पण ती निरुपयोगी असते, कारण तिच्यात मुद्दा अर्धाच लिहिलेला असतो. ‘ब्रॅकेटच्या भोकांचा प्रश्न, डिझाइनकडून उत्तर अपेक्षित’ अशी नोंद मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. या नोंदीवर कोणीही काहीही करू शकत नाही. हीच नोंद अशी असायला हवी : अमुक भाग क्रमांकाच्या ब्रॅकेटवर तिसऱ्या भोकाचे कडेपासूनचे अंतर ड्रॉइंगपेक्षा ०.६ मिलिमीटरने कमी आले आहे; असे तीन नग होल्डवर, म्हणजे निर्णय होईपर्यंत थांबवून ठेवलेले, आहेत; ते तसेच वापरता येतील, दुरुस्त करावे लागतील की रद्द करायचे, याचा लेखी निर्णय ताण-विश्लेषण करणाऱ्या अमुक अभियंत्याकडून गुरुवारपर्यंत हवा; कन्सेशनचा, म्हणजे ड्रॉइंगपासूनचा फरक चालवून घेण्याच्या परवानगीचा, मंजूर कागद हाती आला की मुद्दा बंद. रिव्हेटच्या भोकाचे कडेपासूनचे अंतर साधारणपणे त्याच्या व्यासाच्या दुप्पट ठेवतात, म्हणून ०.६ मिलिमीटर हा आकडा कोठे क्षुल्लक असेल आणि कोठे गंभीर, हे केवळ गणित करणाराच सांगू शकतो. तुमच्या नोंदीने त्याला गणित करण्यापुरती माहिती दिली पाहिजे. तशी दिली तर त्याचा तुम्हाला येणारा फोन वाचतो.

या नोंदवहीत मी शेवटच्या रकान्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो : कोणता कागद आला की मुद्दा बंद समजायचा. हा रकाना मुद्दा लिहितानाच भरायचा असतो. तो रिकामा असेल तर महिनाभराने दोन विभाग ‘झाले’ आणि ‘झाले नाही’ यावर वाद घालतात आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. जबाबदारीच्या रकान्यात विभागाचे नाव चालत नाही, एका माणसाचे नाव लागते. ‘पाठपुरावा सुरू आहे’ हे शब्द स्थितीच्या रकान्यात लिहू देऊ नका. त्याऐवजी शेवटचे पत्र कोणत्या तारखेला गेले आणि उत्तर कधी येणार आहे, ते लिहा. आणि एकदा दिलेला क्रमांक मुद्दा बंद झाल्यावरही दुसऱ्याला देऊ नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच देऊन टाकतो. साधे स्प्रेडशीट पुरते, मात्र ते बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला हवा आणि रोजची प्रत जपून ठेवायला हवी. सॉफ्टवेअर बदलून अर्धवट लिहिलेली नोंद पूर्ण होत नाही.

दिवसाच्या आखणीविषयी माझी पद्धत अशी होती. सकाळचा पहिला तास फोन उचलण्याआधी वाचण्यासाठी ठेवावा. काल कोणते नग क्यूसीकडे (गुणवत्ता विभागाकडे) होल्डवर गेले, कोणता माल इन्वर्ड झाला, म्हणजे आवक नोंदीत आला, आणि त्यासोबत आलेले सीओसी (पुरवठादाराचे अनुरूपता प्रमाणपत्र) व कच्च्या मालाचे चाचणी अहवाल पूर्ण आहेत का, ग्राहकाकडून कोणता स्नॅग (दोष) कळवला गेला, आणि ड्रॉइंगमध्ये किंवा तपशिलात काही बदल आला का, एवढे चार विषय त्या तासात संपतात. त्यानंतर वीस मिनिटांची उभ्याने घ्यायची बैठक शॉप फ्लोअरवर, होल्डच्या रॅकजवळ घ्यावी. वातानुकूलित खोलीत बसून ‘माल तयार आहे’ असे म्हणणे सोपे असते. रॅकसमोर उभे राहिल्यावर लाल टॅग लावलेला नग सर्वांना दिसतो आणि चर्चा तेथल्या तेथे नेमकी होते. या बैठकीत फक्त आज काय अडले आहे एवढेच बोलावे. जे सुरळीत चालू आहे त्याचे वर्णन ऐकण्यात वेळ जातो आणि खरे अडलेले काम शेवटच्या दोन मिनिटांत उरकले जाते.

मधला वेळ फोन, ईमेल आणि बाहेरच्या बैठकांना जाणारच, त्याला इलाज नाही. पण बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी पाठवण्याचा नियम कटाक्षाने पाळा. ‘या विषयावर सविस्तर चर्चा झाली’ असे वाक्य इतिवृत्तात आले तर त्या विषयावर काहीही ठरले नाही असे समजावे. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत, आणि काही ठरले नसेल तर ते का ठरले नाही, एवढे लिहिले की पुरे. अर्ध्या पानापेक्षा मोठे इतिवृत्त सहसा कोणी वाचत नाही. उशिरा पाठवलेल्या इतिवृत्तावर लोक आपल्या आठवणीप्रमाणे हरकती घेतात आणि मग इतिवृत्ताचीच बैठक घ्यावी लागते.

नोंदींवर मी एवढा भर का देतो, हे या क्षेत्राच्या कालमानावरून लक्षात येईल. हलक्या लढाऊ विमानाच्या कार्यक्रमासाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी १९८४ साली स्थापन झाली. या विमानाचे, म्हणजे तेजसचे, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. अंतिम कार्यान्वयन मंजुरी फेब्रुवारी २०१९ मध्ये मिळाली. मिग-२१ हवाई दलात १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निवृत्त झाले. एवढ्या काळात माणसे बदलतात, निवृत्त होतात, कारखाने हात बदलतात. वीस वर्षांनी एखाद्या विमानात तडा सापडला, तर तो भाग कोणत्या हीटच्या (ओतणीच्या) धातूपासून बनला, कोणत्या इश्यूच्या (आवृत्तीच्या) ड्रॉइंगप्रमाणे बनला आणि त्यावर कोणते कन्सेशन होते, हे तुमच्या आजच्या कागदावरूनच शोधले जाणार आहे. त्या विमानात बसणारा वैमानिक तुम्हाला ओळखत नसेल, पण तो तुमच्या नोंदीवर विसंबून असेल. मला या कामाचे महत्त्व वाटते ते यासाठीच.

आता कॉन्फिगरेशनचे, म्हणजे कोणत्या विमानासाठी कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे भाग बनवायचा याचे, एक उदाहरण जवळून पाहू, कारण रोजच्या गोंधळाचा सर्वांत मोठा वाटा तेथेच असतो. समजा, सकाळी तुमच्याकडे ड्रॉइंगचा ‘सी’ इश्यू आला, आणि शॉप फ्लोअरवर ‘बी’ इश्यूप्रमाणे बारा नगांचे काम अर्धे झाले आहे. अशा वेळी घाईने नवे ड्रॉइंग मशीनवर पोचवणे किंवा उलट ते टेबलाच्या खणात ठेवून जुने काम पूर्ण होऊ देणे, हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. प्रथम बदलपत्रावर तो बदल कितव्या विमानापासून लागू आहे ते पाहावे. ते नग त्याआधीच्या विमानांसाठी असतील तर ‘बी’ इश्यूप्रमाणेच पूर्ण करायचे असतात. नंतरच्या विमानांसाठी असतील तर काम थांबवून, आतापर्यंत झालेल्या ऑपरेशननंतर ते नग ‘सी’प्रमाणे करता येतात का, हे तपासायचे असते. बदलपत्रात हे स्पष्ट नसेल तर त्याच दिवशी लेखी विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत रूट कार्डावर (नगासोबत फिरणाऱ्या कामाच्या नोंदपत्रावर) होल्डचा शिक्का मारायचा. ड्रॉइंगच्या जुन्या प्रती शॉप फ्लोअरवरून परत घेऊन त्याची नोंद करणे हे किरकोळ वाटणारे काम आहे. तरी दोन इश्यू एकाच वेळी मशीनजवळ असणे हे मी पाहिलेल्या बहुतेक गोंधळांचे कारण होते.

याच विषयाला लागून एक गोष्ट आपल्या भागातल्या कारखान्यांसाठी मुद्दाम सांगतो. वाळूजमधील जुन्या शेडमधून मशीन शेंद्र्याला हलवले की अनेक मालकांना वाटते, मशीन तेच, ऑपरेटर तोच, मग नव्याने काय दाखवायचे? परंतु हवाई उद्योगातील प्रथम नग तपासणीच्या, म्हणजे पहिला नग ड्रॉइंगशी पूर्णपणे पडताळण्याच्या, एएस ९१०२ या मानकानुसार उत्पादनाची जागा, पद्धत किंवा टूलिंग बदलल्यास, आणि उत्पादन दोन वर्षे बंद राहिल्यासही, ती तपासणी पूर्ण किंवा अंशतः पुन्हा करावी लागते. ती तुमच्या वेळापत्रकात आधीपासून धरलेली हवी. माल डिस्पॅचला निघाल्यावर हे आठवले तर दोन-तीन आठवडे सहज जातात.

दुसरी स्थानिक गोष्ट उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. सीलंट, चिकट द्रव्ये आणि रबरी सील यांना साठवणुकीची मुदत असते, आणि ती मुदत ठराविक तापमानात ठेवल्यासच ग्राह्य धरली जाते. कार्बन फायबरचे प्रीप्रेग (आधीच राळ भरलेले कापड) सामान्यतः उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात, फ्रीझरबाहेर गेलेला प्रत्येक तास त्याच्या नोंदपत्रावर चढवावा लागतो, आणि रोल बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नसते, नाहीतर हवेतील बाष्प त्यावर जमते. बाहेरगावाहून आलेला ट्रक शनिवारी दुपारी गेटवर पोचला आणि स्टोअर बंद होते, म्हणून खोका सोमवारपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये राहिला, तर आतील मालावर मुदत शिल्लक दिसत असली तरी तो वापरता येणार नाही. म्हणून अशा मालाच्या खोक्यात तापमान नोंदवणारे उपकरण आले आहे का, त्याची नोंद इन्वर्डच्या वेळी काढून घेतली का, आणि वीज गेली तर फ्रीझर जनरेटरवर चालतो का, हे तीन प्रश्न उन्हाळ्यात रोजच्या बैठकीत विचारावेत.

वेळापत्रकाबद्दल बोलायचे तर, सर्वांत उशिरा येणारी वस्तू हीच तुमची खरी तारीख असते. सर्वांना माहीत असलेले उदाहरण घ्या. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला आणि पहिली विमाने २०२४ च्या सुरुवातीला मिळणे अपेक्षित होते. त्यासाठी मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. इंजिनाचा उशीर विमानाचा सांगाडा बनवणाऱ्याच्या हातात नसतो. पण अशा काळात प्रकल्प कार्यालयाची परीक्षा असते, कारण ‘इंजिनच नाही, मग आमच्या भागाची काय घाई’ अशी ढिलाई साखळीतल्या प्रत्येकात येते, आणि इंजिन आल्यावर कळते की आणखी दहा गोष्टी अडलेल्या आहेत. मधल्या काळात काम थांबलेले नव्हते. नाशिकच्या उत्पादन साखळीवर तयार झालेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. तुमच्या पातळीवर याचा अर्थ एवढाच की प्रमुख वस्तू उशिरा येणार असेल तर त्या सवडीत कन्सेशन, प्रथम नग तपासणी आणि शॉर्टेज निकाली काढावीत, तारखा ढकलू नयेत.

तारखा देताना सुट्ट्यांचे एकत्र कॅलेंडर भिंतीवर ठेवा. आपल्याकडे १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, बेंगळुरूला १ नोव्हेंबरला राज्योत्सव असतो, युरोपातील अनेक पुरवठादार ऑगस्टमध्ये दीर्घ सुटीवर जातात, आणि पोळा व गौरी-गणपतीला आपले कुशल ऑपरेटर गावी जातात. पोळ्याला सुटी मागणाऱ्या माणसाला अडवून काही मिळत नाही; ती तारीख आधीच धरून काम पुढेमागे करणे हे समन्वयकाचे काम आहे.

एका बाबतीत मात्र मला कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. तुमच्या पत्रात ‘ग्रुपवर ड्रॉइंगचा फोटो टाकतो, म्हणजे सर्वांना लगेच कळते’ असे वाक्य आहे. हे आजपासून बंद करा. लष्करी विमानाच्या भागाचे ड्रॉइंग, त्याचे प्रमाण, डिस्पॅचची तारीख किंवा स्नॅगचे वर्णन व्हॉट्सॲपवर जाऊ नये; असा तपशील १९२३ च्या शासकीय गोपनीयता कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, आणि ग्राहकाशी झालेल्या करारातील गोपनीयतेच्या अटींचाही त्याने भंग होतो. ग्राहकाने ठरवून दिलेली यंत्रणा, इंटरनेट नसलेला संगणक आणि क्रमांक घातलेल्या छापील प्रती यांनी काम हळू होते, हे खरे आहे. तो हळूपणा वेळापत्रकात धरावा. आतापर्यंत जे फोटो गेले असतील त्याविषयी आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला स्वतःहून सांगा आणि ते पुसून टाकण्याचा निर्णय त्यांना घेऊ द्या.

आता तिसरा प्रश्न, कोणाचे ऐकावे. लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेचे प्रमाणन बेंगळुरूचे सेमिलॅक (लष्करी उड्डाणयोग्यता व प्रमाणन केंद्र) आणि त्याची प्रादेशिक केंद्रे पाहतात, त्यांतील एक नाशिकला आहे; गुणवत्तेची शासकीय हमी डीजीएक्यूए (वैमानिक गुणवत्ता हमी महासंचालनालय) देते; आणि कामाची चौकट इमटार-२१ या नियमावलीत दिलेली आहे. ती नियमावली प्रसिद्ध झालेली आहे, तिच्यातील उत्पादनाविषयीची प्रकरणे तुम्ही जरूर वाचा. या चौकटीत गुणवत्ता विभागाचा होल्ड काढण्याचा अधिकार उत्पादन प्रमुखाला नाही, मालकाला नाही आणि तुम्हालाही नाही. त्यामुळे ‘कोणाचे ऐकावे’ याचे उत्तर होल्डच्या बाबतीत आधीच ठरलेले आहे. तुमचे काम होल्ड लवकर निकाली निघेल अशी तयारी करणे हे आहे : मोजमापे पुन्हा घेऊन देणे, फोटोऐवजी नीट अहवाल जोडणे, मागे याच प्रकारचे कन्सेशन मिळाले असल्यास त्याचा क्रमांक शोधून देणे, आणि दोष पुन्हा होऊ नये म्हणून काय केले ते लिहून देणे. अपूर्ण प्रस्ताव पाठवला की तो प्रश्नांसह परत येतो, आणि तेवढे दिवस तुम्ही ‘मंजुरीत अडकले आहे’ असे सांगत राहता.

३१ मार्चच्या आसपास हा ताण सर्वाधिक असतो, कारण प्रत्येकाला आर्थिक वर्षात डिस्पॅच दाखवायचा असतो. अपूर्ण संच शॉर्टेजच्या यादीसह पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी असते. ग्राहकाने ते आधी लेखी स्वीकारले असेल तरच तसे करावे, तोंडी होकारावर कधीही नाही. साहेबांसमोर प्रश्न नेताना ‘क्यूसी सोडत नाही’ अशी तक्रार नेऊ नका. एका पानावर लिहा की बारा नगांपैकी नऊ निर्दोष आहेत आणि ते आज जाऊ शकतात; तीन होल्डवर आहेत; कन्सेशन मागितल्यास निर्णयाला अंदाजे किती दिवस लागतील, नवे नग बनवल्यास किती, आणि दोन्हींचा ग्राहकाच्या जोडणीवर काय परिणाम होईल. ग्राहकाला जोडणीच्या नेमके कोणत्या स्टेशनवर आणि कोणत्या तारखेला ते तीन नग लागणार आहेत, हे आधी विचारून घ्या. ‘आजच हवे’ म्हणणाऱ्या ग्राहकाला पुष्कळदा नऊ नग आज आणि उरलेले पुढच्या पंधरवड्यात चालतात. हे कोणी विचारलेलेच नसते.

रोज संध्याकाळचा अर्धा तास अशाच एका पानासाठी राखून ठेवा. आज नोंदवहीतील कोणते क्रमांक बंद झाले, कोणते पुढे ढकलले गेले व का, आणि उद्या कोणाकडून कोणता निर्णय हवा आहे, एवढे लिहून ते साहेबांच्या टेबलावर जाऊ द्या. सुरुवातीचे काही आठवडे पहिला भाग रिकामा दिसेल. तरीही तो रिकामाच पाठवा, कारण तो कोठे आणि कोणामुळे रिकामा राहतो हे साहेबांना त्यावरूनच दिसेल, आणि जे निर्णय त्यांच्याच पातळीवर अडले आहेत ते प्रथम सुटू लागतील.